रिकाम्या खुर्चीची बचत कोणाची?

विद्यापीठाच्या अर्थसंकल्पाची चर्चा निघाली की एक मत हमखास ऐकू येते: पगारापायी तिजोरी रिकामी होते, म्हणून कायम भरती थांबवा, कंत्राटी माणसे घ्या. हे मत शहाणपणाचे वाटते. हिशेब मांडला की ते टिकत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या मान्य पदांचा पगार शासनाच्या अनुदानातून येतो. प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा तशीच राहिली, तर पगार वाचतो तो शासनाचा. तास मात्र घ्यावेच लागतात. मग विद्यापीठ स्वनिधीतून कंत्राटी प्राध्यापक नेमते. हा स्वनिधी कुठला? परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, ठेवींवरचे व्याज. म्हणजे आंबेगाव तालुक्यातल्या पारगावहून मंचरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने भरलेल्या परीक्षा शुल्कातून शासनाचा भार उचलला जातो. याला काटकसर म्हणणाऱ्यांनी कोणाचे पैसे वाचले, ते आधी सांगावे.

आणि किंमत काय मोजली? एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या सर्वसाधारण यादीत हे विद्यापीठ २०२४ मध्ये ३७ वे होते, २०२५ मध्ये ९१ वे. या क्रमवारीत विद्यार्थ्यांमागे किती पूर्णवेळ अध्यापक आहेत हे पाहतात, तसेच पैसा किती आणि कशावर खर्च झाला तेही पाहतात. घसरणीची कारणे अनेक असतील. पण रिकाम्या जागांचे गुण कोणी देत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कायम झालेला माणूस काम करत नाही. काही जण करत नाहीत, हे मान्य. त्यावर उपाय गोपनीय अहवाल, वेळच्या वेळी चौकशी आणि कारवाई हा आहे. दर अकरा महिन्यांनी नेमणुकीसाठी साहेबांच्या दारात उभा राहणारा माणूस त्याच साहेबांच्या खरेदीतली गफलत कशी दाखवील? परीक्षा विभागासारख्या ठिकाणी तर जबाबदारी टाकायला टिकणारा माणूसच हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही कंत्राटी अध्यापक एकूण संख्येच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असे म्हटले आहे.

पारगावच्याच दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. साखर धंद्यात हंगाम असतो, म्हणून हंगामी कामगारही असतो. गाळप संपले की तो घरी बसतो. पण राज्यातल्या साखर कामगारांच्या त्रिपक्षीय करारांनी त्या महिन्यांसाठी रिटेन्शन अलाउन्सची सोय केली आहे. पुढच्या हंगामात हाच जाणता माणूस लागणार, हे या धंद्याने ओळखले. सेट-नेट, पीएच.डी. झालेल्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला मात्र उन्हाळी सुट्टीत काहीच मिळत नाही. उसाच्या गाळपाला जे कळते ते ज्ञानाच्या कारभाराला कळू नये, याचा मला राग येतो.

भरतीला शासनाची मान्यता लागते, हे खरे. पण हिशेब उघडा मांडायला मान्यता कशाला? अधिसभेपुढे येणाऱ्या अर्थसंकल्पासोबत एक तक्ता हवा: विभागवार मान्य पदे किती, रिकामी किती, कधीपासून, आणि त्यांच्या बदल्यात स्वनिधीतून किती रुपये गेले. तो आकडा शासनाकडे थकबाकी म्हणून मागावा.

कंत्राटाचा प्रश्न प्राध्यापकांपुरता नाही. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, माळी हे एजन्सीमार्फत येतात, तेव्हा 'ती आमची माणसे नाहीत' असे सांगून हात झटकले जातात. कायदा तसे म्हणत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाला द्यावी लागते, हे पक्के केले. वित्त व लेखा अधिकाऱ्याने ठेकेदाराच्या बिलावर सही करण्यापूर्वी मागच्या महिन्याची वेतनचिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन, तेही कामगारांच्या नावांसह, मागून घ्यावे. चलन नसेल तर बिल परत पाठवावे. एवढे करायला नवा पैसा लागत नाही, नवा नियमही लागत नाही.