विश्लेषण : कानाचे मशीन कपाटात का पडून राहते?

मुलुंड-बोरिवलीतल्या अनेक घरांत हे चित्र ओळखीचे आहे. मुले हौसेने आजोबांसाठी श्रवणयंत्र आणतात आणि पंधरा दिवसांत ते डबीत जाऊन पडते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : ‘नुसता गोंगाट ऐकू येतो, बोलणे कळत नाही.’ घरच्यांना हा हट्ट वाटतो. पण दोष दरवेळी हट्टाचा नसतो. यंत्रातील ‘कम्प्रेशन’ची जुळणी अर्धवट राहिलेली असू शकते.

कमी ऐकू येणे म्हणजे नेमके काय?

आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी झिजल्या की हळू आवाज ऐकू येईनासे होतात. मोठे आवाज मात्र जवळपास पूर्वीइतकेच मोठे वाटतात. म्हणूनच आजी ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणते आणि आवाज चढवला की ‘ओरडतोस कशाला?’ म्हणून चिडते. ऐकू येण्याची आणि असह्य होण्याची पातळी यांतील अंतर आक्रसलेले असते.

कम्प्रेशन काय करते?

समजा, यंत्र प्रत्येक आवाज ३० डेसिबलने वाढवते. घरातले ५० डेसिबलचे हळू बोलणे ८० वर जाईल, ते ठीक. पण घाटकोपर स्थानकात शिरणाऱ्या गाडीचा ९० डेसिबलचा खडखडाट १२० होईल आणि कान दुखतील. कम्प्रेशन हळू आवाज जास्त वाढवते, मोठा आवाज कमी. प्रमाण २:१ असेल, तर ५० डेसिबलच्या पुढे बाहेरचा आवाज १० डेसिबलने वाढला की कानात पोहोचणारा आवाज फक्त ५ ने वाढतो. मग तीच गाडी १२० ऐवजी १०० वर थांबते.

मग सगळ्यांना एकच जुळणी का चालत नाही?

वयानुसार आधी तीव्र स्वरांची जाण कमी होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने तिथेच हरवतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच वाटू लागतात. त्यामुळे यंत्र आवाजाचे अनेक पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळे कम्प्रेशन देते. वेगही महत्त्वाचा. भांडे पडले तर आवाज काही मिलिसेकंदांत दाबला गेला पाहिजे. पण नंतर तो फार झटकन पूर्ववत झाला, तर बोलण्यातल्या प्रत्येक विरामात पंख्याची घरघर आणि रस्त्याचा आवाज उसळून वर येतो. कम्प्रेशन गोंगाट वेगळा काढत नाही. ते काम यंत्रातील दुसऱ्या यंत्रणांचे.

घरच्यांनी काय करावे?

कानाची तपासणी न करता ऑनलाइन मागवलेला आवाजवर्धक हा श्रवणयंत्राला पर्याय नाही. श्रवणतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. किती हळू ऐकू येते याबरोबरच किती मोठा आवाज सोसवत नाही, हेही मोजून घ्यावे. यंत्र मिळाल्यावर दोन-तीन फेऱ्या गृहीत धराव्यात. ‘बरे वाटत नाही’ एवढेच न सांगता ‘अंधेरीच्या फलाटावर कान दुखतो, कुकरची शिट्टी टोचते, नातीचे बोलणे कळत नाही’ असे प्रसंग लिहून न्यावेत. त्यावरूनच जुळणी बदलता येते.

वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाक् आणि श्रवण क्षेत्रात काम करते आहे. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून कमी उत्पन्नाच्या गरजूंना श्रवणयंत्रेही मिळतात. मात्र सरकारी शिबिर असो वा खासगी दुकान, किती यंत्रे वाटली वा विकली, यावर काम संपल्याचे मानणे चूक आहे. सहा महिन्यांनी त्यांतली किती कानावर आहेत, हा खरा हिशेब. ऐकू न येणारे माणूस हळूहळू गप्पांतून उठून जाते. ते परत येऊन बसते की नाही, हे अनेकदा त्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीवर ठरते.