विश्लेषण : कॅम्पिंग ट्रेलरसाठी पॉवर स्टेशन घेताय? बॉक्सवरचा कोणता आकडा बघायचा?

मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो तो पनवेलमधून. द्रुतगती मार्गही इथूनच हाकेच्या अंतरावर, कळंबोलीला सुरू होतो. त्यामुळे गाडीमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडून कोकणात किंवा घाटावर जाणाऱ्यांसाठी पनवेल हा सोयीचा नाका. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कॅरॅव्हॅन पार्कमध्ये वीज, पाणी, स्वच्छतागृह अशा सुविधा असाव्यात, असं ते सांगतं. पण ट्रेलर पार्कबाहेर, एखाद्या वाडीत किंवा किनाऱ्यालगत उभा केला, की विजेची सोय आपली आपणच करावी लागते.

त्यासाठी सध्या ऑनलाइन मिळणारा पर्याय म्हणजे पोर्टेबल पॉवर स्टेशन. बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच पेटीत. मात्र नेमकं कोणतं घ्यायचं, यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

जनरेटर का नको?

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जणांचे मृतदेह सापडले. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरल्यामुळे हे मृत्यू झाल्याचं तज्ज्ञांच्या तपासणीत समोर आलं. या वायूला ना वास असतो ना रंग, त्यामुळे झोपलेल्या माणसाला धोका कळतच नाही. छोट्या ट्रेलरमध्ये आतली हवाही कमी असते. बॅटरीतून असा धूर निघत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा.

बॉक्सवरचे आकडे काय सांगतात?

पॉवर स्टेशनवर साधारण तीन आकडे असतात.

वॅट : एका वेळी किती ताकदीचं उपकरण चालेल, हे यावरून कळतं.

वॅट-अवर : पेटीत एकूण किती वीज साठते, ते हा आकडा सांगतो. एक हजार वॅट-अवर म्हणजे वीजबिलातलं एक युनिट.

मिलिअँपिअर-अवर : हा आकडा दिसायला मोठा, पण दिशाभूल करणारा. '८०,००० मिलिअँपिअर-अवर' वाचून डोळे दिपतात. प्रत्यक्षात ३.७ व्होल्टच्या सेलने गुणलं, तर हाती २९६ वॅट-अवर येतात. म्हणजे युनिटच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी.

तुलना करायची ती वॅट-अवरचीच.

आपल्याला किती लागेल?

समजा, चौघांचं कुटुंब शनिवारी सकाळी पनवेलहून निघालं आणि रविवारी सकाळी परतीला लागलं. चोवीस तासांचा हिशोब साधारण असा होईल :

- ५ वॅटचे दोन एलईडी दिवे, ५ तास : ५० वॅट-अवर
- ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, ८ तास : २४० वॅट-अवर
- १२ व्होल्टचा छोटा फ्रिज, सरासरी २० वॅट, २४ तास : ४८० वॅट-अवर
- चार मोबाइल : ८० वॅट-अवर

बेरीज झाली ८५०. बॅटरीतली वीज वापरताना साधारण १५ टक्के घट धरली, तर गरज एक हजार वॅट-अवरची. फ्रिज नको असेल, तर पाचशेची पेटीही पुरते. म्हणून खरेदीआधी आपली यादी कागदावर मांडायची. शेजाऱ्याने काय घेतलं, यावर आपला हिशोब ठरत नाही.

एसीचा विचार मात्र सोडलेला बरा. एक टनाचा एसी साधारण हजार वॅट खेचतो, म्हणजे हीच पेटी तासाभरात रिकामी. इंडक्शन शेगडीला तर १,८०० ते २,००० वॅट लागतात. अनेक पेट्या तेवढा भारच घेत नाहीत.

दोन रात्री मुक्काम असेल तर?

गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून तासाला साधारण १०० वॅट-अवर मिळतात. फ्रिज चालवूनही प्रवासात बॅटरी भरत राहते. २०० वॅटचं सोलर पॅनेल हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दिवसाला ६०० ते ७०० वॅट-अवर देऊ शकतं. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबून राहू नये.

कोणती बॅटरी चांगली?

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी. ती साधारण तीन हजार वेळा चार्ज करता येते आणि उष्णतेत तुलनेने सुरक्षित असते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरी वजनाला हलकी, पण तिचं आयुष्य बरंच कमी. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते. मात्र तिचं वजन ५० किलोच्या वर, आत ॲसिड, आणि टिकवायची तर निम्मीच वापरावी लागते. हजार वॅट-अवरची एलएफपी पेटी १० ते १५ किलोंत बसते.

घेताना आणि वापरताना काय बघावं?

- आउटपुट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि प्युअर साइन वेव्ह असावं. परदेशातून आणलेली ११० व्होल्टची पेटी इथे निरुपयोगी.
- लिथियम बॅटरीला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक तपासावा.
- फ्रिज १२ व्होल्ट सॉकेटवरच चालवावा. इन्व्हर्टर नुसता सुरू ठेवला, तरी वीज खातो.
- मे महिन्यात बंद गाडीत किंवा ट्रेलरमध्ये पेटी ठेवून जाऊ नये. ४५ अंशांपुढे चार्जिंग टाळावं.
- प्रवासात पेटी ट्रेलरच्या चाकांच्या वर, तळाशी, पट्ट्याने बांधून ठेवावी. मागच्या टोकाला वजन गेलं की वेगात ट्रेलर डोलतो.

वर्षातून दोन ट्रिपसाठी एवढा खर्च परवडतो का?

फक्त ट्रिपपुरता विचार केला, तर महाग वाटेल. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी हीच पेटी घरातले दिवे, पंखा आणि मोबाइल चालवू शकते. मात्र ती माळ्यावर टाकून चालणार नाही. अर्ध्याहून अधिक चार्ज ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तपासावी. ट्रिपच्या आदल्या रात्री पेटी शंभर टक्के भरली, की निघायला हरकत नाही.