खोल पाणी कोणासाठी?

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात १९७० च्या दशकात कूपनलिकांची जी मोहीम निघाली, तिच्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तळ्यांचे पाणी पिऊन पटकीने व हगवणीने मुले दगावत होती. जमिनीखालचे पाणी रोगजंतूंपासून मुक्त, म्हणून युनिसेफच्या साहाय्याने बांगलादेशात गावोगाव हातपंप बसले. त्या पाण्यात सोमल, म्हणजेच आर्सेनिक, असेल हे कोणाच्या ध्यानी आले नाही. त्याला ना रंग, ना वास, ना चव. १९८३ मध्ये डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील खेडुतांच्या त्वचेवरील चट्ट्यांचे खरे निदान केले; सीमेपलीकडे हे विष आढळावयास आणखी दहा वर्षे गेली. २००० नंतर बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिका तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांतील सुमारे १४ लाखांना धोक्याचा लाल रंग फासावा लागला. तोही लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही देशाची सैल मर्यादा धरून. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे.

हे विष कारखान्यातून आलेले नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या संयुगांना चिकटलेले असते. प्राणवायू नसलेल्या थरांत सेंद्रिय द्रव्य कुजू लागले की लोह विरघळते आणि सोमल पाण्यात उतरतो. ही क्रिया मुख्यतः वरच्या शंभरेक मीटरांत घडते. दीडशे मीटरांखालच्या जुन्या वाळूतील पाणी बहुतेक ठिकाणी निर्दोष आहे. तेव्हा खोल कूपनलिका खणाव्यात, हा उपाय सरळ दिसतो.

येथेच जलवैज्ञानिकांचे संशोधन राजकारणाच्या दाराशी येऊन उभे राहते. हॉली मायकेल व क्लिफर्ड व्हॉस यांनी या संपूर्ण खोऱ्यातील भूजलप्रवाहाचे गणिती प्रतिमान मांडून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सपाट प्रदेशात खोल पाणी अत्यंत मंद गतीने सरकते. परंतु खालून जोराने उपसा झाला की वरचे पाणी खाली ओढले जाते, आणि त्याबरोबर सोमलही. मध्ये चिकणमातीचे थर आहेत, पण सलग झाकण नाही. कुटुंबाच्या गरजेपुरता हातपंपाचा उपसा एवढा अल्प असतो की खोल पाणी केवळ पिण्यासाठी राखले आणि सिंचन उथळ पाण्यावर ठेवले, तर बाधित प्रदेशाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागाला ते हजार वर्षे पुरू शकेल. सिंचनाचे पंप त्याच थरात उतरले तर हा हिशेब कोसळतो. ढाका शहराच्या प्रचंड उपशाविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हाच इशारा आहे: शहराची तहान भोवतालच्या खेड्यांचे खोल पाणी नासवू शकते.

म्हणजे प्रश्न विज्ञानाने सोडविला आहे. वाटप मात्र शिल्लक आहे. पंपमालकाला खर्च पडतो तो डिझेलचा आणि नळांचा. खालच्या स्वच्छ पाण्याला त्याच्या जमाखर्चात किंमतच नाही, आणि ते नासल्याची भरपाई शेजारच्या बाईच्या शरीरातून वसूल होते. बांगलादेशात १९८० च्या दशकात सिंचनयंत्रांचा व्यापार खुला झाला. पंपांची संख्या झपाट्याने वाढली, उन्हाळी भाताचे पीकही वाढले. देश अन्नधान्यात सावरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कोणत्या थरातून किती उपसावे, हे ठरविणारी सत्ता त्या बाजारात कोणाचीच नव्हती.

शासनाने स्वतः खोदलेल्या विहिरींची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार नव्या खोल जलस्रोतांपैकी निम्म्यांच्या जागा ठरविण्यात खासदारांचा शब्द चालत असे. त्या अनेकदा त्यांच्या समर्थकांच्या अंगणात गेल्या. सोमल ज्यांच्या पोटात जात होता ते तसेच राहिले. सार्वजनिक मालकी म्हटली की न्याय आपोआप होतो, असे मानणाऱ्या समाजवाद्यांनी हे प्रकरण डोळे उघडे ठेवून वाचावे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. उथळ पाण्यावर सिंचन ठेवावयाचे म्हणजे सोमल शेतात ओतावयाचा. तो मातीत साठतो, भाताच्या दाण्यातही उतरतो. हे ओझे केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कमी पाण्याची पिके, साठविलेले पावसाचे पाणी, आणि या बदलाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून, ही त्या योजनेची दुसरी बाजू असली पाहिजे.

महाराष्ट्राचा काळा पाषाण म्हणजे बंगालचा गाळ नव्हे, आणि येथील संकटही निराळे आहे. पण पिण्याचे पाणी आधी की ज्याच्या पंपाची ताकद अधिक त्याचे आधी, हा वाद एकच. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत नव्या विहिरीला बंधन घातले. २००९ च्या कायद्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरीस मनाई केली. फळबागांच्या पट्ट्यात त्याच्या कितीतरी खाली बोअर उतरतात, हे गाडीचा आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गावच्या नळयोजनेची विहीर कोणती, तिच्याभोवती ५०० मीटरांत किती बोअर आहेत आणि ते कोणाच्या नावावर आहेत, ही यादी पक्षाच्या तालुका शाखांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी करावी, आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी.