कमी वाजलं म्हणजे कमी का?

वर्ध्यात जुन्या गाण्यांचे चार शौकीन एकत्र बसले की मंगेशकरांचा विषय निघतो, आणि निघाला की दोन तट पडतात. "काहून गा, जे गाणं कोणाच्या तोंडी नाही, त्याले डोक्यावर घेऊन कायले नाचाचं?" असा एकाचा सवाल. दुसऱ्याचं म्हणणं असं, की तोंडी बसलेली गाणी साऱ्यांचीच. खरा ऐवज कोणी न ऐकलेल्या तबकडीत. चहा दोनदा होतो, वाद मिटत नाही. चूक दोघांचीही आहे, पण पहिल्याची जास्त घातक.

पहिला पक्ष काळाच्या चाळणीचा दाखला देतो. चांगलं होतं ते टिकलं, बाकीचं गळून गेलं! पण धान्य आधी चाळणीत पडायला तर हवं. लता मंगेशकरांनी 1942 साली 'किती हसाल' या चित्रपटासाठी गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि चित्रपटातून ते वगळलं गेलं. लोकांनी ते नाकारलं नाही. लोकांपर्यंत ते आलंच नाही. त्याला कोणत्या काळाने चाळलं? एखादा चित्रपट आठवड्यात उतरला की त्याची गाणीही त्याच्याबरोबर उतरत. 1952 नंतर काही वर्षं आकाशवाणीने चित्रपटसंगीताला जवळजवळ दारच बंद केलं होतं. विविध भारती आली ती ऑक्टोबर 1957 मध्ये. वर्धा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. अशा काळात एखादं मराठी चित्रपटगीत इथल्या रेडिओवर सापडणं हा नशिबाचाच भाग. त्यात गुणावगुणांचा निवाडा कुठे झाला?

याच पक्षाचं आणखी एक म्हणणं असतं: आडबाजूच्या गाण्यांचं कौतुक होतं ते मंगेशकर या नावामुळे. याला उत्तर खुद्द आनंदघन देतात. 1950 च्या 'राम राम पाव्हणं'ला लताबाईंनी स्वतःच्या नावाने संगीत दिलं होतं. पुढे 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या टोपणनावाने. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कारांत संगीताचा मान मिळाला, आणि हे आनंदघन कोण, ते त्या समारंभात उघड झालं. नावाशिवाय गाणं जिंकलं. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

लताबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, मीनाताई खडीकरांच्या बाबतीत तर उलटच घडलं. 'सांग सांग भोलानाथ' आणि 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला' ठाऊक नसलेलं मराठी घर शोधूनही सापडणार नाही. आर्वी-हिंगणघाटच्या बालवाड्यांत ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. चाली मीनाताईंच्या, आणि गाणाऱ्यांत त्यांचीच मुलं, योगेश आणि रचना. भावंडांच्या घरात पुन्हा भावंडं! तरी चाल कोणाची असं विचारलं तर दहातले आठजण गप्प बसतात. 1961 च्या 'माणसाला पंख असतात' या चित्रपटाचं संगीत त्यांचं, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत. इथे गाणं विस्मरणात गेलेलं नाही, माणूस गेला आहे.

आता दुसरा पक्ष. दुर्मिळ ते थोर, ही श्रद्धा संग्राहकाला शोभते. ऐकणाऱ्याला तिने फसवलं आहे. लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. वर्ध्याचा मे महिना 45 अंशांचा. कपाटावर आडवी-तिडवी रचलेली तबकडी त्या उन्हाळ्यात वाकते. ती लावली की सुई नावेसारखी वरखाली हेलकावते आणि प्रत्येक फेरीला सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. यंत्राचा वेग थोडा जास्त असला तर आवाज लहान मुलीसारखा पातळ होतो. अशी एकच प्रत ऐकून कोणी "आवाज अजून कच्चा होता" म्हणतो, तर कोणी त्या थरथरीत अलौकिक करुणा शोधतो. दोघांनीही गायिका ऐकलेलीच नसते. असं गाणं कुलपात ठेवून मिरवण्यापेक्षा नीट वेगाने वाजवून उतरवून घ्यावं, चार जणांना ऐकवावं, सोबत गीतकार-संगीतकाराचं नाव लिहावं. संग्राहकाचं खरं काम ते आहे.

दोन्ही पक्षांचं एकमत होतं ते नेमकं चुकीच्या जागी: लता मोठी की आशा? या प्रश्नाने उरलेल्या तिघा भावंडांना, मीना, उषा आणि हृदयनाथांना, ऐकूच दिलं नाही. वास्तविक हे घर म्हणजे एकमेकांच्या सुरावर चाललेला कारखाना. 'शूर आम्ही सरदार' ऐकावं: गळा हृदयनाथांचा, चाल थोरल्या बहिणीची. 'सागरा प्राण तळमळला'मध्ये चाल धाकट्या भावाची आणि गायला सगळी भावंडं. आपल्या विदर्भावर तर हृदयनाथांचं मोठं ऋण आहे. अमरावतीच्या सुरेश भटांचं 'मालवून टाक दीप' त्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलं, 'तरुण आहे रात्र अजुनी' आशाताईंकडून. नागपूरच्या ग्रेसांचं 'ती गेली तेव्हा' ते स्वतः गायले. यात एक बहीण जिंकली आणि दुसरी हरली, असं कुठे दिसतं?

राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या या गावाला हिंदी गाणी काही परकी नाहीत. म्हणून पुढच्या बैठकीत 'मदर इंडिया'तलं 'दुनिया में हम आए हैं' लावावं. नौशादांचं, 1957 चं, सगळ्यांना पाठ असलेलं. नर्गिससाठी गाणाऱ्या लताबाईंवरून कान जरा बाजूला काढावा आणि तिच्याबरोबर राबणाऱ्या त्या दोन पोरांचे आवाज ऐकावेत. ते मीनाताईंचे आणि उषाताईंचे आहेत.