संज्ञा इंग्रजी असोत, समज मराठीतूनच यावी

दहावीचे आणि पी. यू. सी.चे निकाल लागले की सीमाभागातील घराघरांत एकच विषय निघतो. मुलाला पुढे कशाला घालायचे? अलीकडे बहुतेक घरांतून उत्तरही एकच येते : इंजिनिअरिंगला, आणि जमले तर कॉम्प्युटरला. यात वावगे काही नाही. दोन एकरांत तीन भावांचे भागत नाही हे कोणाला सांगायला नको. म्हणून बाप सोसायटीचे कर्ज काढतो, आई गळ्यातले मोडते आणि मुलगा शहरात जाऊन राहतो. वर्षभराने तोच मुलगा चार विषय राहिल्याचे ओझे घेऊन घरी येतो. मग गावात निकाल दिला जातो : पोरगा हुशार होता, पण इंग्रजीने घात केला.

हा निकाल अर्धाच खरा आहे. तो पूर्ण खरा मानून आपल्यापैकी अनेकांनी बालवाडीपासूनच मुलांना इंग्रजी शाळेत घातले आणि गावची मराठी शाळा ओस पाडली. उरलेले अर्धे सत्य असे की, अभियांत्रिकी आणि संगणक हे विषय ज्या पद्धतीने शिकवले जातात, त्या पद्धतीतच दोष आहे. फळ्यावर लिहायचे, वहीत उतरवायचे, परीक्षेत ओकायचे. या पद्धतीत इंग्रजी शाळेतला मुलगा न समजताही पाठ करून निभावून नेतो. मराठी शाळेतल्या मुलाला न समजलेले पाठही करता येत नाही. अडतात दोघेही. एकाचे अडणे लवकर दिसते, एवढाच फरक.

पुरावा हवा असेल तर परदेशांकडे पाहू. २००१ साली निरनिराळ्या देशांतील संगणक-शिक्षकांनी मिळून चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. प्रोग्रॅम लिहिण्याचा पहिला अभ्यासक्रम पुरा केलेली ही मुले. ११० पैकी त्यांचे सरासरी गुण भरले २३ हूनही कमी. तीन वर्षांनी, २००४ साली, सात देशांत पुन्हा तपासणी झाली. या वेळी प्रोग्रॅम लिहायचा नव्हता, समोर दिलेला छोटा प्रोग्रॅम वाचून त्याचे उत्तर काय येईल एवढेच सांगायचे होते. बऱ्याच मुलांना तेही धड जमले नाही. ही मुले काही खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेली नव्हती. मग दोष केवळ माध्यमाच्या माथी कसा मारता येईल?

नेमके काय अडते ते एका उदाहरणाने पाहू. आठवी-नववीच्या बीजगणितात आम्ही शिक्षक मुलांच्या मनावर बिंबवतो की बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजू. दोन्ही पारडी सारखी. त्या हिशेबाने 'अ = अ + १' हे समीकरण कधीच खरे होऊ शकत नाही. तोच मुलगा इंजिनिअरिंगला जातो आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर हेच वाक्य पाहतो. संगणकाचे प्राध्यापक सांगतात की हे बरोबर आहे, वहीत लिहून घ्या. मुलगा लिहून घेतो आणि तिथेच अडकतो. पुढचे सारे वर्ष त्या अडकलेल्या धाग्यावर विणले जाते.

वास्तविक उलगडा एका मराठी वाक्याचा आहे. इथे ते चिन्ह तराजूचे नाही, ती आज्ञा आहे : 'अ नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक मिळव आणि येणारे उत्तर परत त्याच डब्यात ठेव.' डब्यात पाच होते, आता सहा झाले. एवढे घरच्या भाषेत ऐकले की आठवीतली पोरसुद्धा मान डोलावते. मग तिला पुढचा प्रश्न विचारावा. अ मध्ये पाच आहेत; 'ब = अ' केले; नंतर 'अ = ७' केले; आता ब मध्ये किती? कोणी सात म्हणेल, कोणी पाच. ब मध्ये पाचच राहतात, कारण ब ने त्या वेळची किंमत घेतली होती. त्यानंतर अ चे काय झाले याच्याशी त्याचा संबंध नाही. या दोन उत्तरांवर वर्गात जो वाद होतो तेच खरे शिक्षण, आणि त्याला संगणकही लागत नाही. पाटी पुरते.

या वादालाच शिक्षणाची पद्धत बनवणारे एक प्राध्यापक अमेरिकेत निघाले. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक मॅझूर यांना असे दिसले की, त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवतात, पण साध्या कल्पनेवरच्या प्रश्नाला चुकतात. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी व्याख्यानाची रीत बदलली. थोडा वेळ शिकवायचे, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी आपले उत्तर नोंदवायचे, नंतर शेजाऱ्याला ते दोन मिनिटे पटवून द्यायचे, आणि मग पुन्हा उत्तर द्यायचे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांत विद्यार्थ्याला असे बोलते-करते ठेवल्याने काय होते, यावरचे २२५ अभ्यास २०१४ साली एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के मुले नापास होत होती; बोलत्या वर्गांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते.

आता आपल्या वाचकांनी विचार करावा. शेजाऱ्याला दोन मिनिटांत पटवून द्यायचे तर मुलगा कोणत्या भाषेत बोलेल? जी त्याला भांडता येईल इतकी येते, त्याच भाषेत. नवी पद्धत आणि मातृभाषा या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. वर्गात मुलांना बोलू द्यायचे ठरवले की भाषा मागच्या दाराने आपोआप आत येते. मराठी मुलगा मराठीत बोलेल, कन्नड मुलगा कन्नडमध्ये. खानापूरच्या मराठी मुलाचे आणि बैलहोंगलच्या कन्नड मुलाचे दुखणे याबाबतीत एकच आहे, आणि औषधही एकच. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्या बेळगावातच आहे. हा विचार त्या दारापर्यंत नेणे आपल्याला काही दूर नाही.

'पण इंजिनिअरिंग कुठे देशी भाषेत शिकवता येते का?' असे विचारणारे भेटतात. त्यांनी इतिहास चाळावा. मुंबईत १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी अभियंते तयार करणारी संस्था काढली, तेव्हा तेथे गणित आणि मोजणीचे शिक्षण देशी भाषांतून दिले जाई. त्यासाठी मराठी पुस्तके मुद्दाम तयार करण्यात आली. पुढे १८४७ साली शिक्षणाचे माध्यम कोणते असावे यावर मुंबईत मोठा वाद झाला. न्यायमूर्ती पेरी इंग्रजीच्या बाजूने होते आणि देशी भाषांचा पक्ष घेऊन उभे राहिले ते हेच इंग्रज जर्विस. निजामाच्या हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि १९२९ पासून तेथे अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवली गेली. देशी भाषेला हे विषय पेलतात, हे उस्मानियाने दाखवून दिले. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला मात्र ती उर्दूही परकीच होती. भाषा देशी असून भागत नाही, ती शिकणाऱ्याची असावी लागते, हा त्यातला दुसरा धडा.

आजची परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले; पिंपरी चिंचवडला संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकण्याची सोय झाली. परिषदेने मराठीतही पाठ्यपुस्तके काढली असून ती ई-कुंभ या संकेतस्थळावर मिळतात. मुंबईच्या आय. आय. टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे अनेक धडे मराठी आवाजात ऐकता येतात. हे सारे फुकट आहे, आणि तरीही आमच्या गावांतल्या किती मुलांना ते ठाऊक आहे?

पालकांच्या मनातली धास्तीही समजून घेतली पाहिजे. नोकरी इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. मराठीत शिकून पोर मागे पडले तर? धास्ती अनाठायी नाही. म्हणूनच सगळी पदवी मराठीतून व्हावी असा हट्ट येथे धरलेला नाही. मागणी एवढीच की संज्ञा इंग्रजी राहू द्याव्यात, स्पष्टीकरण मुलाच्या भाषेत व्हावे. 'संगणक' हा शब्द मराठीने आनंदाने घेतला. पण इंग्रजीतल्या 'मोमेंट'ला 'आघूर्ण' म्हटल्याने मुलाच्या डोक्यात उजेड पडत नाही. एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा येतो, इतकेच. 'मोमेंट'ला मोमेंटच म्हणावे आणि सांगावे की धोंडा उलथताना पहार जितकी टोकाला धरावी तितका जोर कमी लागतो, ते याच्यामुळे. हा अनुभव आमच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराच्या हातात आहे. पुस्तकाने आजवर तो विचारलाच नाही.

तीच गोष्ट कारखान्याची. उद्यमबागेतल्या फौंड्रीत आसपासच्या खेड्यांतले शेकडो हात राबतात. लाकडी नमुना नगापेक्षा किंचित मोठा का करायचा, हे तिथला जुना कामगार चार वाक्यांत सांगेल : वितळलेले बीड थंड होताना आकसते, म्हणून आधीच तेवढी वाढ धरायची. कॉलेजातला मुलगा हेच इंग्रजीत पाठ करतो आणि बाप जिथे कामाला जातो त्या भट्टीशी त्याचा संबंध त्याला लागत नाही. पहिल्या वर्षी महिन्यातून एक दिवस मुलांना अशा जागी नेले आणि परत आल्यावर पाहिलेले आधी स्वतःच्या भाषेत, मग इंग्रजीत लिहायला लावले, तर इंग्रजीही पक्की होईल. समजलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगणे सोपे असते. न समजलेली कुठल्याच भाषेत सांगता येत नाही.

आता तर एक नवे कारण उभे राहिले आहे. प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे आली आहेत. मागाल ते ती क्षणात लिहून देतात, क्वचित चुकीचेही देतात. उद्याच्या अभियंत्याला ते वाचून 'इथे चूक आहे' असे सांगता आले पाहिजे. पाठांतरावर पोसलेल्या मुलाचे काम यंत्राने केव्हाच हिरावले; वाचून तपासणाऱ्याचे काम वाढले.

तेव्हा करायचे काय? राज्यघटनेतील ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची अपेक्षा ठेवते, पण ती प्राथमिक टप्प्यापुरती. पुढच्या वाटेवर आपल्यालाच दिवा धरायचा आहे.

पहिली गोष्ट शाळेची. दहावीपर्यंत मराठी आणि पी. यू. सी. विज्ञान एकदम इंग्रजीत, ही उडी मुलांना झेपत नाही. नववीपासूनच गणित-विज्ञानाच्या प्रत्येक धड्याच्या शेवटी इंग्रजी संज्ञांची यादी फळ्यावर लिहावी आणि ती वापरून मुलांना मराठीत समजावून सांगायला लावावे. सरकारी परिपत्रकाची यासाठी वाट पाहायला नको.

दुसरी गोष्ट गावाची. आपल्या गावांत वाचनालये आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत. मंडपाच्या खर्चातून एखादा जुना संगणक सहज निघेल. इंजिनिअरिंगला असलेली मुले सणासुदीला गावी येतात. त्यांनी वाचनालयात बसून धाकट्यांना दोन तास शिकवावे. पायथन ही आज सर्वत्र शिकवली जाणारी संगणक-भाषा चलाला देवनागरीत नाव देऊ देते. 'बेरीज' असे नाव दिलेला डबा तिला चालतो. आज्ञा मात्र इंग्रजीच राहतात. सुरुवातीला एवढा आधारही पुष्कळ होतो.

तिसरी गोष्ट मागणीची. जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांपुरती ठेवलेली आहे. बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठी मुलाला ती मिळत नाही. हवी असेल तर कोल्हापूर गाठावे लागते. प्रश्नपत्रिका छापून ट्रंकेतून आणायचे दिवस गेले, परीक्षा संगणकावर होते. दुसऱ्या राज्यातल्या केंद्रावर ती दाखवायला अडचण कोणती? परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेकडे पालकांच्या सह्यांची निवेदने गावोगावहून गेली पाहिजेत. ही मागणी कोणाच्या विरुद्ध नाही. महाराष्ट्रातल्या सीमेलगतच्या कन्नड शाळांतील मुलांनाही हाच नियम आडवा येतो, म्हणून ती त्यांच्यासाठीही मागावी.

इंग्रजी शिकू नका असे म्हणणारा शिक्षक मुलांचा शत्रू ठरेल. इंग्रजी शिकावी, उत्तम शिकावी. पण डोक्यात काही असल्याशिवाय तोंडातल्या इंग्रजीला वजन येत नाही. या जूनमध्ये आपल्या गावातून जी मुले कॉलेजला जातील, त्यांना निरोप देताना प्रत्येक पालकाने एवढेच सांगावे : रविवारी फोन केलास की आठवड्यात शिकलेली एक गोष्ट आम्हाला आपल्या भाषेत समजावून सांग. ज्या रविवारी सांगता येणार नाही, त्याच्या सोमवारी सरांना जाऊन विचार.