विभाजन चारांचे, सत्ता एकाची
१/ ‘लोकांना दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम नकोच होती’, हा युक्तिवाद इतिहासापुढे टिकत नाही.

२/ मार्च १९८३. आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० एमबीच्या हार्ड डिस्कसह. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतच चार विभागांची नोंद ठेवण्याची सोय होती. एका डिस्कवर अनेक प्रणाली नांदू शकतील, हे तेव्हाच गृहीत होते.

३/ नव्वदच्या दशकाअखेरीस जपानमध्ये हिताचीने विंडोजसोबत बीओएस घातलेले संगणक विकले. मात्र सुरू होताना निवड विचारणारा बूट मेन्यूच नव्हता! मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमुळे हे घडले, असा आरोप करत ‘बी’ कंपनी २००२ मध्ये न्यायालयात गेली. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

४/ दार दाखवलेच नाही, तर नाकारले कोणी?