‘आम्ही घरून जेवून आलोय’



आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर यायला हरकत नाही, पण शेवटपर्यंत वाचा. कारण ज्यांच्यावर मी रागावले आहे त्यांत पहिलं नाव माझंच आहे.

उन्हाळा संपला की मी वहीत हिशोब मांडते. बी.कॉम. झाल्यावर नोकरी केली नाही, पण जमाखर्चाची सवय सुटली नाही. यंदाच्या एप्रिल-मे महिन्यांत मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू असं हे चौकोनी कुटुंब सात लग्नांना गेलं. दोनदा कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागून सांगली-कोल्हापूरकडे फेऱ्या झाल्या. तीन वेळा कर्नाळ्याला पहाटे पाखरं बघायला गेले, कारण नातीला दुर्बिणीचं वेड लागलंय. नातू पोहायला शिकला. मुलाने सायकल घेतली आणि सूनबाईंनी पेटी शिकायला सुरुवात केली.

यावर आपल्या मंदिरातल्या बायका काय म्हणाल्या? ‘हल्लीची पोरं नुसती हिंडतात, धर्माचं काही उरलं नाही.’ मीही मान डोलावली असती. पण वहीतला दुसरा रकाना वेगळंच सांगतो.

सातपैकी पाच लग्नं आपल्याच समाजातली. त्या पाचांपैकी एकाचं, सांगलीकडच्या, जेवण दुपारी साडेबाराला पंगतीत झालं. उरलेल्या चार ठिकाणी जेवण रात्री, म्हणजे साडेआठ-नऊनंतर. चारही पत्रिकांवर वर णमोकार मंत्र छापलेला आणि खाली ‘स्वागत समारंभ : सायं. ७ ते १०’.

वर मंत्र आणि खाली रात्रीभोजनाचं निमंत्रण! आणि ही पत्रिका पंचविशीतल्या मुलांनी काढलेली नसते. प्रूफ तपासायला ती आपल्या हातात येते. आपण चष्मा लावून पाहुण्यांच्या नावांच्या वेलांट्या तपासतो आणि जेवणाची वेळ तशीच जाऊ देतो.

आता शेवटच्या लग्नाचं सांगते. मे महिन्याच्या सुरुवातीला नात संस्कार शिबिराला गेली होती. तिथे मुलांना छोटे छोटे नियम दिले. हिने घेतला, ‘शाळा सुरू होईपर्यंत रात्री जेवणार नाही.’ मंचावर बोलावून प्रमाणपत्र दिलं, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीने तो नियम मनावर घेतला. प्रवासात सूनबाई सहाच्या आत गाडी थांबवून डबा उघडायच्या. थालीपीठ, दही, आंब्याच्या फोडी. हिंडणाऱ्या पोरांनी हिंडता हिंडता नियम पाळला, एकही दिवस चुकला नाही.

मग पनवेलजवळच्या एका लॉनवर आपल्याच नात्यातलं लग्न आलं. आम्ही जवळचे, म्हणून पाच वाजताच पोहोचलो. सूनबाईंनी डबा घेतला होता, तो मीच गाडीत ठेवायला लावला. म्हटलं, ‘घरचं लग्न आहे, डबा काढलेला बरा दिसत नाही. मी सांगते कोणाला तरी.’ साडेपाचला नातीला भूक लागली. जेवणाची टेबलं कापडाने झाकलेली. ‘साडेआठला उघडणार,’ तिथला मुलगा म्हणाला. यजमान बाई फोटोत अडकलेल्या. गाडीची किल्ली मुलाकडे आणि मुलगा वरातीत. सहा वाजून गेले. सूर्यास्ताआधीच्या दोन घटिका सोडायच्या, म्हणजे ४८ मिनिटं. वेळ निसटत चालली तशी मी पोरीला काय म्हणाले माहीत आहे?

‘आज एक दिवस खा गं रात्री. लग्न आहे. देव काही रागावत नाही.’

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘आजी, मग शिबिरात टाळ्या कशाला वाजवल्यात?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सूनबाई काही न बोलता तिला घेऊन मागे भटारखान्याकडे गेल्या. तिथल्या आचाऱ्याने दोन केळी आणि वाटीभर साखर-फुटाणे दिले. वर तो सूनबाईंना म्हणाला, ‘ताई, पाच वाजता जेवण लावा म्हटलं तर आम्ही पाचला लावतो. पण आम्हाला सांगतंय कोण?’

मैत्रिणींनो, हे वाक्य कानात ठेवा. आचारी तयार आहे, सांगायचं आपण टाळतो.

त्या दुपारी वळवाची सर येऊन गेली होती. रात्री दिवे लागले आणि पंखवाल्या वाळव्यांचे थवेच्या थवे आले. हिरवळीवर, टेबलक्लॉथवर, रसमलाईच्या भांड्यावर, बायकांच्या गजऱ्यांत. लोक ताटातले पंख चमच्याने बाजूला करून जेवत होते. एक बाई हसून म्हणाल्या, ‘पावसाळा आला गं!’ आम्हाला लहानपणी पाठच करून घेतलं होतं : अळी दोन इंद्रियांची, मुंगी तीन, माशी-फुलपाखरू चार. कर्नाळ्याच्या पायवाटेवर नात हाच खेळ भावाबरोबर खेळत असते, कोणत्या किड्याला किती इंद्रियं. म्हणून सांगते, तिच्या पाखरं बघण्याला ‘व्यर्थ हिंडणं’ म्हणू नका. जीव दिसायला आधी नजर लागते. ती तिला अभयारण्यात मिळाली, आणि लग्नाच्या लॉनवर आपण ती मिटून घ्यायला सांगितलं.

‘आता काय दिवे आहेत, तेव्हा अंधार होता म्हणून नियम होता,’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच भेटतात. हा मुद्दा नवा नाही. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’मध्ये हजार वर्षांपूर्वीच याचं उत्तर दिलं आहे. त्यांचा आशय असा की दिवा लावला तरी सूर्याच्या उजेडाशिवाय जेवणाऱ्याला अन्नात पडणाऱ्या सूक्ष्म जीवांची हिंसा टाळता येत नाही. आता तर दिवा जितका मोठा तितके किडे जास्त. हे कळायला शास्त्र वाचायचीही गरज नाही, मे अखेरीस एकदा लॉनवर उभं राहावं.

बाकीच्या सबबीही घेऊ.

‘लोकांना ऑफिसातून येता येत नाही. सायन-पनवेल रस्त्याला किती गर्दी!’ खरं आहे. पण आपल्याकडची बहुतेक स्वागत समारंभांची जेवणं शनिवार-रविवारी असतात. आणि मे महिन्यात तर सबबच नाही, कारण तेव्हा पनवेलला सूर्य सातनंतर मावळतो. डिसेंबरात तो सहाच्या सुमारासच बुडतो. म्हणजे इतका मोठा दिवस हाताशी असताना आपण जेवण अंधारात ढकलतो. पूर्वी पंगती दिवसाउजेडी उठायच्या. त्याचं सगळं श्रेय आपल्या आजी-पणजीच्या व्रताला देत नाही, तेव्हा वीजही नव्हती. पण वीज आल्यावर निवड आपल्या हातात आली आणि आपण ही निवड केली.

‘बाहेरचे पाहुणे असतात, त्यांना पाचला कोण जेवायला बोलावणार?’ बाहेरचे पाहुणे आपल्यापेक्षा समजूतदार असतात. आमच्या शेजारच्या आगरी कुटुंबातल्या काकू आमच्याकडे पर्युषणात यायच्या तर वेळ विचारून यायच्या. आपण पत्रिकेत लिहिलं तर ते वाचतील. लिहिलंच नाही तर काय करतील?

‘जैन फूडचं काउंटर ठेवतो ना आम्ही!’ या सबबीवर तर हसावं की रडावं कळत नाही. वधू जैन, वर जैन, लग्न लावणारे उपाध्ये जैन आणि कोपऱ्यात पंख्याच्या मागे पाटी : ‘जैन फूड’. आपल्याच लग्नात आपणच कोपऱ्यात! मधल्या वीस टेबलांवर कांदा, लसूण, बटाटा. आणि ते काउंटरही साडेआठलाच उघडणार.

‘इतकं कडक राहिलं तर मुलं धर्मापासून लांब जातील.’ माझं मत उलटं आहे. मुलांना नियम अवघड वाटत नाही. अठरा दिवस नातीला तो कधीच अवघड वाटला नव्हता. तो एकोणिसाव्या दिवशी अवघड वाटला, आपल्या माणसांत. मंचावर नियम द्यायचा आणि मांडवात तो मोडायला लावायचा, याने पोर दुरावतं. बरं, नंतर बोल कोणाला लागला? सूनबाईंना. ‘पोरीला लग्नात उपाशी ठेवते, हट्टी आहे.’ ही वाक्यं बोलणाऱ्या चौघीजणी शिबिरात टाळ्या वाजवणाऱ्यांतल्याच होत्या. ‘हल्लीच्या सुना धर्म पाळत नाहीत’ असं म्हणायचं, आणि पाळणारी दिसली की तिला हट्टी म्हणायचं. मग सुनेने वागावं तरी कसं?

आता माझा हिशोब. माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मी कपाटातून काढली. ‘सायं. ७ ते १०.’ प्रूफ मीच तपासलं होतं. त्या संध्याकाळी सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना रात्रीभोजनाचा त्याग होता, पाणीसुद्धा घेत नसत. मी शालू नेसून पाहुण्यांत फिरत होते. मध्ये एकदा विचारलं, ‘आई, जेवलात ना?’ म्हणाल्या, ‘हो हो, तू बघ पाहुण्यांचं.’ दुपारी अकराला जेवलेल्या त्या माउलीने दुसऱ्या दिवशी सकाळीच तोंडात घास घातला, हे मला कामवाल्या मावशींकडून आठवड्याने कळलं. सासूबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. आज त्या नाहीत. लॉनवर नात माझ्याकडे बघत उभी राहिली तेव्हा मला पहिली रांग आठवली. एका संध्याकाळी घरातली सगळ्यात थोरली उपाशी, दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यात धाकटी. आणि दोन्ही वेळा मधे मी.

अक्षय्य तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून त्या दिवशी लग्नांची दाटी असते. पण आपल्यासाठी तो दिवस कशाचा आहे? भगवान ऋषभदेव आहारासाठी महिनोन्‌महिने फिरले. लोकांचं प्रेम उदंड होतं. कोणी रत्नं पुढे केली, कोणी वस्त्रं, कोणी हत्ती-घोडे. पण मुनींना आहार कसा द्यायचा हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी हस्तिनापूरला श्रेयांसकुमारांनी उसाचा रस दिला आणि पारणं झालं. ही कथा आपण दरवर्षी ऐकतो, उसाचा रस पितो. आणि त्याच दिवशीच्या लग्नात ड्रोन असतो, फुलांची कमान असते, प्रत्येकाला चांदीची वाटी असते, फक्त व्रती माणसाला वेळेवर घास नसतो. श्रेयांसकुमारांनी खर्च फार केला नव्हता. समोरच्याला काय लागतं तेवढं ओळखलं होतं.

मी रात्रीची टेबलं आजच्या आज बंद करा म्हणत नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं तिन्हींत दोष आहे हे मलाही ठाऊक आहे, आणि मनातून मला तेच हवं आहे. पण निदान पहिली पायरी तरी चढू. पत्रिकेत एक ओळ : ‘भोजन सायं. ५ पासून.’ आचाऱ्याला एक सूचना, आणि गाळलेल्या पाण्याचं एक पिंप. हिवाळ्यातल्या लग्नात ओळ बदलून ‘दुपारी १२ पासून’. याला वेगळा खर्च किती? मी मांडून बघितला. लग्नाच्या खर्चात तो दिसतही नाही.

आणि आपण पाहुण्या म्हणून जातो तेव्हाचंही एक. आपण सगळ्या एक गोड खोटं बोलतो. यजमानीण हात धरून ‘चला ना जेवायला’ म्हणते आणि आपण म्हणतो, ‘आम्ही घरून जेवून आलोय.’ कधी खरंच जेवून आलेलो असतो, कधी पोटात कावळे ओरडत असतात. तिला वाईट वाटू नये म्हणून बोलतो, आणि म्हणूनच तिला कधी कळत नाही. सासूबाईंच्या ‘हो हो’ने मला तरी कुठे कळलं?

यापुढे मी ते बोलणार नाही. अक्षता टाकीन, आहेर देईन, मुलीच्या गालावरून हात फिरवीन. आणि ‘जेवायला चला’ म्हटलं की प्रेमाने, पण चारचौघींत ऐकू जाईल असं म्हणेन, ‘माझा रात्रीचा त्याग आहे. पाचला ताट लावलं असतंत तर पोटभर जेवले असते.’

एकटी मी म्हटलं तर खडूस म्हातारी. एका लग्नात दहाजणी म्हणाल्या तर पुढच्या पत्रिकेत ओळ येईल.

नातीने त्या रात्री दोन केळ्यांवर झोप काढली. सकाळी उठून पहिलं काय विचारलं? ‘आजी, माझा नियम मोडला नाही ना?’ मी म्हटलं, ‘तुझा नाही मोडला, बाळा.’